बटेराची अंडी मशीनमध्ये उबवताना: पिल्लू सुखरूप बाहेर यायला काय करायचं आणि कुठे हात आवरायचा

"अंड्याला बारीक भोक पडलंय, आतून चिवचिव ऐकू येतेय, पण सकाळपासून पुढे काहीच हालचाल नाही. बाहेर काढू का?" पहिल्यांदा बटेर उबवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच आहे. पण नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही, कारण काही अंड्यांना खरोखर मदत लागते, आणि ती कधी लागते हे ओळखायचं तर आत काय चाललंय ते ठाऊक हवं. शिवाय शेवटच्या दिवशी अडकलेलं पिल्लू बऱ्याचदा आधीच्या पंधरा दिवसांत कुठेतरी राहून गेलेल्या गोष्टीमुळे अडकलेलं असतं. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

इथे बटेर म्हणजे पाळीव जपानी बटेर. १९७४ मध्ये हा पक्षी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून आपल्याकडे आणला गेला आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला त्याच्यावर पुष्कळ काम झालं. शेताच्या बांधावर, गवतात दिसणारे लावे हे त्याचे रानटी भाऊबंद. त्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. त्यांची अंडी उचलून आणू नका. अंडी किंवा पिल्लं नोंदणीकृत फार्मवरूनच घ्या आणि पावती जपून ठेवा.

पाळीव बटेर सहसा रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात राहून तिची ती सवय गेली आहे. गावठी कोंबडीखाली अंडी ठेवून पाहणारे आहेत, पण कवच फार पातळ असतं आणि कोंबडीच्या वजनाखाली, तिच्या पायांखाली बरीच अंडी फुटतात. त्यामुळे मशीन आलंच. मुदत १७ ते १८ दिवस. सोळाव्या दिवशी एखादं पिल्लू घाई करतं, एकोणिसाव्यापर्यंत एखादं रेंगाळतं.

अंडी निवडताना

अंडं १० ते १२ ग्रॅमचं, नेहमीच्या आकाराचं घ्या. फार लांबट, फार गोल, खरबरीत किंवा चुन्यासारखा थर असलेलं अंडं बाजूला ठेवा. ठिपक्यांमुळे बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोन अंडी अगदी हलकेच एकमेकांना लावून आवाज ऐका. धड अंड्याचा आवाज टणक येतो, तडकलेल्याचा फुटक्या मडक्यासारखा. तडकलेलं अंडं मशीनमध्ये ठेवलं की त्यातून पाणी लवकर उडतं. पुढे ते कुजून फुटलं तर शेजारची अंडीही खराब होतात.

नर-मादीचं प्रमाण एका नराला दोन-तीन माद्या असं असावं. पक्षी अडीच महिन्यांपेक्षा मोठे आणि साधारण आठ महिन्यांच्या आतले असले की फलित अंड्यांचं प्रमाण चांगलं राहतं. एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक मादीच्या अंड्यावरची नक्षी ठरलेली असते. एकीची अंडी बारीक शिंतोड्यांची, दुसरीची मोठमोठ्या डागांची, आणि ती तशीच येत राहतात. घरी चार-सहाच माद्या असतील तर कोणाची अंडी वारंवार रिकामी निघतात हे नक्षीवरून समजतं.

अंडी धुवू नका. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो जंतूंना आत शिरू देत नाही. घाण चिकटली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, फारच मळकं अंडं घेऊच नका. गोळा केलेली अंडी टोकदार बाजू खाली करून १५ ते १८ अंशांच्या आसपास, सात दिवसांच्या आत मशीनला लावा. घरचा फ्रीज यासाठी जास्तच गार असतो. अंडी एसटी पार्सलने किंवा कुरिअरने आली असतील तर रात्रभर तशीच, टोक खाली ठेवून विसावू द्या. प्रवासात हलून गेलेली रुंद टोकातली हवेची पोकळी तेवढ्यात जागेवर बसते.

मशीनवर भरवसा ठेवण्याआधी

रिकामं मशीन निदान एक दिवस चालवून बघा. पंख्याच्या मशीनमध्ये तापमान ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस ठेवा. पंखा नसलेल्या थर्माकोलच्या पेटीत वर-खाली उष्णता सारखी नसते, म्हणून तिथे अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.५ च्या आसपास धरतात.

मशीनवरचा आकडा खरा आहे का, हे तपासायला घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. तो याच तापमानाच्या पट्ट्यात अचूक असावा अशा बेताने बनवलेला असतो. ग्लासात कोमट पाणी घ्या, त्यात हा थर्मामीटर आणि मशीनच्या तापमापकाचं टोक दोन्ही बुडवून ताडून पाहा. अर्ध्या अंशाचा फरक निघाला तर तो कागदावर लिहून मशीनलाच चिकटवा. अर्धा अंश कमी असेल तर पिल्लं एखादा दिवस उशिरा आणि मलूल येतात. तापमान जास्त असेल तर वेळेआधी बाहेर पडतात, तीही नाभी नीट न मिटलेली.

आर्द्रता मोजणारे स्वस्त मीटर आणखी चुकतात. त्यांची परीक्षा मिठाने होते. वाटीत दोन-तीन चमचे मीठ घ्या आणि ओला लगदा होईल एवढंच पाणी घाला. वाटी आणि मीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. त्याने ६८ दाखवले तर तो सात टक्के कमी सांगतो, एवढा हिशेब मनात ठेवायचा. ज्यांच्याकडे ओल्या वातीचा थर्मामीटर आहे त्यांनी असं धरावं: साधा कोरडा थर्मामीटर ३७.५ असताना ओल्या वातीचा २९ च्या आसपास असेल तर आर्द्रता निम्म्याच्या थोडी वर, आणि ओला ३२ वर गेला तर सत्तरच्या जवळ.

पहिले चौदा दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. पाणी किती खोल आहे याने फरक पडत नाही, पाण्याचा पृष्ठभाग किती मोठा आहे याने पडतो. आर्द्रता कमी वाटली तर भांडं पसरट घ्या किंवा त्यात स्पंजचा तुकडा उभा करा.

आणि आपल्या हवेचा विचार करा, कारण मशीनबरोबर येणारं माहितीपत्रक तो करत नाही. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये खोलीतली हवाच इतकी दमट असते की सुरुवातीच्या दिवसांत मशीनमध्ये पाणी ठेवायची गरजच पडत नाही, उलट ठेवलं तर घोटाळा होतो. विदर्भ, मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये तेच भांडं दिवसातून दोनदा भरावं लागतं. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशीच्या वर जातो. मशीन गरम करू शकतं, गार नाही करू शकत. अंड्यातल्या जिवाला थोडा वेळ गारठा सोसतो, पण चाळीसच्या वरची उष्णता काही तासांत जीव घेते. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांच्याकडे कूलर लावलेली किंवा मातीच्या भिंतींची गार खोली नाही, त्यांनी मे महिन्यात अंडी लावू नयेत.

वीज गेली की झाकण उघडून बघायचा मोह आवरा. मशीनवर घोंगडी किंवा गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी सोडा. तास-दोन तासांच्या भारनियमनाने सहसा काही बिघडत नाही. त्याहून जास्त वेळ वीज जात असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत, अंड्यांना न चिकटवता ठेवा. नेहमीचंच भारनियमन असेल तर छोटा इन्व्हर्टर आधी घ्या, अंडी मग.

पहिले चौदा दिवस

या काळात काम कमी, नियम जास्त. अंडी दिवसातून निदान तीन ते पाच वेळा फिरली पाहिजेत. आपोआप फिरवणारा ट्रे असेल तर तो बटेराच्या अंड्यांच्या मापाचा आहे ना, हे बघा. कोंबडीच्या ट्रेमध्ये ही अंडी डुगडुगतात. हाताने फिरवत असाल तर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल अशी पेन्सिलने खूण करा आणि रात्रीची बाजू रोज बदलती ठेवा.

सातव्या-आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बारीक, प्रखर बॅटरी अंड्याच्या रुंद टोकाला लावून बघा. ठिपक्यांमुळे कोंबडीच्या अंड्यासारखं स्वच्छ दिसणार नाही, पण एवढं समजतं: आत पिवळसर, सगळीकडे सारखा उजेड असेल तर अंडं रिकामं, एका बाजूला गडद गोळा आणि लाल शिरा असतील तर जिवंत, आणि नुसतं लाल कडं दिसत असेल तर जीव सुरुवातीलाच गेला. शंका असलेलं अंडं आत राहू द्या. वास येणारं किंवा पाझरणारं मात्र लगेच काढा.

आता मला सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट: वजन. किचनमधला डिजिटल काटा घ्या. अंडी लावताना सगळ्यांचं एकत्र वजन करून लिहून ठेवा. उबवताना अंड्यातलं पाणी कवचातून हळूहळू उडतं, हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लाचा पहिला श्वास त्याच पोकळीतला असतो. चौदाव्या दिवसाअखेर वजन ११ ते १३ टक्क्यांनी घटलेलं हवं. समजा ५० अंडी ५५० ग्रॅमची होती, तर आता ती ४८० ते ४९० ग्रॅम भरायला हवीत. ५१० भरली तर आर्द्रता जास्त झाली. पोकळी लहान राहिली आहे, पिल्लं फुगलेली, चिकट निघतील, काही आतच गुदमरतील. ४६५ भरली तर अंडी सुकली आहेत आणि शेवटी पडदा पिल्लाला आवळेल. मधे सातव्या दिवशी वजन केलंत तर निम्मी घट दिसायला हवी, आणि काही चुकत असेल तर पाणी कमी-जास्त करायला अजून आठवडा हातात असतो. वजनाला रिकामी अंडीही तशीच घटतात, पण मधे काढलेल्या अंड्यांचं वजन मूळ आकड्यातून वजा करायला विसरू नका.

पंधरावा दिवस: झाकण बंद करण्याआधी

इथून पुढे अंडी फिरवायची नाहीत. पिल्लू आत वळून रुंद टोकाकडे डोकं आणतं आणि त्याला त्या स्थितीत शांत राहू द्यायचं असतं. ट्रे काढा आणि अंडी आडवी ठेवा.

खालचा भाग गुळगुळीत असेल तर त्यावर रबरी जाळीची मॅट पसरा, ड्रॉवरमध्ये घालतात ती चालते. नुसत्या प्लास्टिकवर किंवा पेपरवर ओलं पिल्लू उभं राहायला बघतं, पाय दोन्ही बाजूंना घसरतात, आणि सांधे तसेच वाकडे बसतात. पहिल्या काही तासांतच हे नुकसान होतं.

मग मशीनमध्ये वाकून, पिल्लाच्या उंचीवरून बघा. हे पिल्लू सहा-सात ग्रॅमचं असतं, अंगठ्याच्या पेराएवढं. कोंबडीच्या पिल्लासाठी बनवलेल्या मशीनमधल्या प्रत्येक फटीतून ते जाऊ शकतं. पाण्याच्या पन्हळीत पडून बुडतं, पंख्याच्या जाळीत मान घालतं, ट्रेखाली शिरून बसतं. पाण्यावर बारीक जाळी बसवा, पंख्यापुढे मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा, कोपऱ्यातल्या फटी बुजवा.

आर्द्रता आता ६५ ते ७५ टक्क्यांवर न्यायची. तापमान ३७.२ पर्यंत किंचित उतरवलं तरी चालतं. हवेची भोकं मात्र पूर्ण उघडी, कारण पिल्लं आता फुप्फुसाने श्वास घेणार आणि त्यांना प्राणवायू जास्त लागणार. आर्द्रता टिकावी म्हणून भोकं बंद करणं हा फार महागात पडणारा उपाय आहे. काचेवर थोडं बाष्प धरलं तर ठीक, पण थेंब ओघळायला लागले तर पाणी कमी करा. बाहेरून पाणी भरता यावं म्हणून एका भोकातून सलाइनची नळी पाण्याच्या भांड्यापर्यंत सोडून ठेवा, सिरिंजने पाणी घालता येतं आणि झाकण उघडावं लागत नाही.

आणखी एक, जे आपल्याकडेच सुचेल: मुंग्या. टोच (पिल्लाने चोचीने पाडलेलं पहिलं भोक) पडलेल्या अंड्याच्या वासाने लाल मुंग्या रात्रीतून रांग लावतात, आणि अडकलेल्या पिल्लाला पळता येत नाही. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. उंदीर आणि मांजर यांचा बंदोबस्तही आजच करा.

एवढं झालं की झाकण बंद.

आत काय चाललेलं असतं

सोळाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू चोचीने आतला पडदा भेदून हवेच्या पोकळीत पोचतं. बाहेरून काही दिसत नाही, पण कान लावला तर बारीक चिवचिव आणि टिकटिक ऐकू येते. तोपर्यंत त्याचा श्वास कवचाखालच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून चालत होता. आता फुप्फुसं काम सुरू करतात. पोकळीतली हवा हळूहळू कोंदट होते, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मानेमागच्या स्नायूला झटके बसू लागतात आणि चोचीच्या टोकावरच्या कठीण पांढऱ्या टिपक्याने कवचाला पहिली टोच पडते.

टिकटिकीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. केंब्रिजच्या मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० च्या दशकात बटेरांच्या अंड्यांवर प्रयोग करून दाखवलं की ही पिल्लं कवचातूनच एकमेकांचा आवाज ऐकतात. मागे पडलेली पिल्लं तो ऐकून घाई करतात, पुढे गेलेली थोडी थांबतात, आणि एकमेकांना लागून असलेली अंडी काही तासांच्या अंतराने एकदम फुटतात. रानात आईला सगळी पिल्लं घेऊन एकाच वेळी घरट्याबाहेर पडावं लागतं, त्यासाठीची ही सोय. आपल्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे: शेवटच्या तीन दिवसांत अंडी विखरून ठेवू नका, एकमेकांना टेकू द्या.

पहिल्या टोचेनंतर पिल्लू थांबतं. सहा तास, दहा तास, कधी दिवसभर. नवख्या माणसाचा धीर इथेच सुटतो. पण या वेळात दोन मोठी कामं चाललेली असतात. कवचाखालच्या रक्तवाहिन्यांतलं रक्त पिल्लाच्या अंगात ओढलं जातं आणि त्या वाहिन्या सुकतात. उरलेला बलक पोटात शोषला जातो आणि नाभी मिटते. ही दोन कामं पुरी होण्याआधी कवच सोललं तर पिल्लू रक्तस्रावाने मरतं, किंवा बलकाची पिशवी बाहेर लोंबलेली राहते आणि ते एक-दोन दिवसांत दगावतं. त्या थांबण्यात पिल्लू थकलेलं नसतं.

तयारी पुरी झाली की मग बघत राहावं असं काम सुरू होतं. पिल्लू आत हळूहळू गोल फिरतं आणि रुंद टोकाखाली एका रेषेत ठिपकेदार कवच कापत जातं. करवतीने कापल्यासारखी दातेरी रेघ उमटत जाते, मधेमधे ओली चोच दिसते, आत जाते, पुन्हा दिसते. मग खांदे रेटून ते टोपी उचलतं. हा भाग बटेरात झटपट होतो, अनेकदा पंधरा-वीस मिनिटांत, फार तर तासाभरात.

या सगळ्या काळात झाकण उघडलं तर ओलावा क्षणात निघून जातो. टोच पडलेल्या अंड्यांतला पडदा वाळून कागदासारखा होतो आणि पिल्लाला चिकटतो. एक पिल्लू उचलायला उघडलेल्या झाकणाने शेजारची तीन अडकतात. बाहेर आलेलं पिल्लू इतर अंड्यांवर धडपडतं, त्यांना ढकलतं, हे बघून जीव वर-खाली होतो, पण त्याने अंड्यांचं काही बिघडत नाही. पोटातल्या बलकावर ते दिवसभर आरामात राहतं.

मदत कधी करायची

तीनच प्रसंगी. पहिला, टोच पडून २४ तास उलटले, बाकीची बहुतेक पिल्लं बाहेर आली, आणि हे आहे तिथेच आहे. दुसरा, रेघ कापायला सुरुवात झाली, पाव-अर्धी कापून झाली आणि नंतर दोन-तीन तास काहीच नाही, आतला पडदा तपकिरी आणि चामड्यासारखा दिसतोय. तिसरा, टोच टोकदार बाजूला पडली आहे. म्हणजे पिल्लू उलटं बसलंय आणि त्याला फिरायला जागा नाही. तिथेही लगेच धावायचं नाही, बरीच उलटी पिल्लं स्वतःहून येतात. पण त्या अंड्यावर लक्ष ठेवा.

पाच-सहा अंडी एकदम अडकलेली दिसली तर एकेक सोलत बसू नका. दोष आर्द्रतेत आहे. नळीतून कोमट पाणी सोडा, आर्द्रता ७५ पर्यंत न्या आणि दोन तास थांबा. बरीचशी आपापली सुटतील.

ज्याला खरंच हात लावायचा आहे त्याच्यासाठी आधी सगळं तयार ठेवा: बोथट चिमटा, कापसाच्या काड्या, उकळून कोमट केलेलं पाणी, स्वच्छ टिश्यू, चांगला उजेड. हात साबणाने धुवा. न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादल्या ओतून, दार लावून, दमट उबेत हे काम करणं उत्तम. मशीन उघडा, एकच अंडं उचला, झाकण लगेच बंद. अंडं तळहातात कोमट फडक्यावर धरा.

टोचेच्या कडेने कवचाचा तांदळाच्या दाण्याएवढा कपचा चिमट्याने उचला. पडदा फाडू नका, फक्त बघा. त्यावर कोमट पाण्याने भिजवलेली काडी टेकवली की पडदा पारदर्शक होतो. लाल, भरलेल्या शिरा दिसल्या तर काम तिथेच थांबवायचं. पिल्लू तयार नाही. चोचीपुढे श्वासाला भोक आहे ना एवढी खात्री करून अंडं परत ठेवा आणि चार-सहा तास विसरून जा. चुकून रक्ताचा थेंब आलाच तर टिश्यूने काही सेकंद हलकेच दाबा, थांबलं की परत मशीनमध्ये.

शिरा दिसत नसतील, पडदा पांढरा आणि कोरडा असेल, तर रुंद टोकाखाली पिल्लू स्वतः जिथून कापतं त्याच रेषेवर, एकेक कपचा काढत अर्ध्यापर्यंत जा. पडदा भिजवत राहा, पण पाण्याचा थेंब नाकपुडीत जाणार नाही याची फार काळजी घ्या. तेवढ्याने पिल्लू बुडतं. अर्धं झालं की अंडं तासभर परत मशीनमध्ये. बऱ्याचदा पुढचं पिल्लूच करतं. नाहीच केलं तर टोपी पूर्ण मोकळी करा, डोकं आणि मान पडद्यातून सोडवा, आणि थांबा. खालच्या अर्ध्या कवचातून ओढून काढायचं नाही. पाय मारून ते स्वतः बाहेर येतं आणि नाभी अजून जोडलेली असेल तर तिला सुटायला वेळ मिळतो. कवचात काही बारीक दोरीसारखं चिकटलेलं दिसलं तर ओढू नका, कापूही नका, वाळून आपोआप तुटतं.

टोकदार बाजूने आलेल्या पिल्लाला फक्त श्वासाचं भोक मोठं करून द्या आणि तिथूनच हळूहळू पुढे जा. तिथे शिरा जास्त वेळ जिवंत राहतात, म्हणून आणखी धीर हवा.

मदतीने आलेल्या पिल्लांपैकी काही टिकतात, धडधाकट वाढतात. काही दुसऱ्या दिवशी जातात, कारण मुळातच अशक्त होती. प्रयत्न जरूर करावा असं मला वाटतं, पण पुढे अंड्यांसाठी जोड्या लावताना अशा पिल्लांना वगळावं. त्यासाठी त्यांच्या पायात रंगीत रिंग घाला, नाहीतर आठवड्याभरात ती कळपात ओळखू येणार नाहीत.

बाहेर आल्यावर

पिल्लं वाळून कापसासारखी फुलली की मगच हलवा. एकेक नाही, दोनदाच झाकण उघडायचं: एकदा पहिला मोठा घोळका वाळल्यावर, दुसऱ्यांदा शेवटी. पहिल्या पिल्लाला २४ तासांपेक्षा जास्त आत ठेवू नका.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा खोका, आदल्या दिवशीच तापवून ठेवलेला असावा. पहिले काही दिवस पिल्लांच्या पातळीला ३५ ते ३७ अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही, जुना पिवळा बल्ब किंवा इन्फ्रारेड लावा. आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पसरून चोच उघडी टाकत असतील तर गरम होतंय, सगळीकडे विखरून खात-झोपत असतील तर बरोबर. गठ्ठ्यात खालची पिल्लं चेंगरून मरतात, म्हणून रात्रीच्या विजेची सोय इथेही हवी. चारही कोपरे पुठ्ठ्याने गोल करून टाका.

खाली गोणपाट किंवा खरबरीत कापड. भुसा किंवा साळीचा तूस पहिल्या आठवड्यानंतर, कारण आधी ती तोच खाऊन बसतात. पाण्याच्या उथळ झाकणात गारगोट्या किंवा काचेच्या गोट्या भरा, म्हणजे चोच जाईल पण पिल्लू जाणार नाही. बटेराची पिल्लं अर्धा इंच पाण्यात बुडतात, यात अतिशयोक्ती नाही. पाणी कोमट द्या आणि दोन-चार पिल्लांच्या चोची त्यात टेकवून दाखवा, बाकीची बघून शिकतात. खाद्य २४ ते २७ टक्के प्रथिनांचं लागतं. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर त्याहून थोडं हलकं असतं, पण बटेराचं खास खाद्य मिळत नसेल तर ते मिक्सरवर रव्याएवढं बारीक करून चालवता येतं. पहिले दोन दिवस ते कापडावरच पसरा.

एखाद्याचे पाय फाकलेले दिसले तर पहिल्याच दिवशी चिकटपट्टीची बारीक पट्टी घेऊन दोन्ही पाय उभं राहण्याच्या अंतरावर बांधा. दोन-तीन दिवसांत सुधारतात, आठवड्यानंतर सुधारत नाहीत. नाभी ओली दिसली तर बीटाडीनचा एक थेंब लावा. गुदद्वाराशी विष्ठा सुकून चिकटली असेल तर कोमट ओल्या कापसाने सोडवा, ओढून नाही. मुलांना पिल्लं हाताळू द्या, पण नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात नाही.

न उघडलेली अंडी

एकोणिसावा दिवस संपला की उरलेली अंडी अंगणात नेऊन एकेक फोडून बघा. काम घाणेरडं आहे, पण पुढच्या खेपेचं बरंच काही इथे समजतं. नुसता बलक निघाला तर अंडं फलित नव्हतं, नर-मादीचं प्रमाण आणि नराचं वय बघा. पहिल्या चार-पाच दिवसांतलं रक्ताचं कडं निघालं तर अंडी जुनी होती किंवा वाटेत तापली. पूर्ण वाढलेलं पिल्लू, टोच नाही, आत पाणी आणि चिकटा: सुरुवातीची आर्द्रता जास्त. पूर्ण वाढलेलं, टोच पडलेली, पडदा अंगाला आवळून सुकलेला: शेवटी आर्द्रता कमी पडली किंवा झाकण उघडलं गेलं. चौदाव्या दिवशी लिहिलेल्या वजनाशी हे ताडून बघा, आणि दोन्ही नोंदी त्याच कागदावर ठेवा.

फोडलेली अंडी खोल पुरा, कुत्र्या-मांजरांनी उकरू नये इतकी. मशीनमधली लव आणि कवचं त्याच दिवशी काढा, मॅट आणि जाळ्या साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. पंख्याच्या पात्यांवर चिकटलेली लव ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि पुढची अंडी लावण्याआधी रिकामं मशीन पुन्हा एक दिवस चालवा.